तात्यांची गाठ कुणाच्या घरची

कुणाचं नाक कुणाकडून आलं हे सांगण्यात आमच्या तात्यांचा हात धरणारा सांगवीत कुणी नव्हता. तात्या माझे चुलते. घरात पूर्वी मेंढरं होती, त्यामुळे कोकरू बघून त्याचा बाप ओळखायची त्यांना सवय. मेंढरं गेली, ऊस आला, सवय माणसांवर वळली. जळोचीच्या एका लग्नात त्यांनी नवरदेवाला न्याहाळून "कान आजोळचं हायत" असं भर मांडवात जाहीर केलं होतं.

अशा माणसाच्या मांडीत गाठ निघाली. हाडात नव्हे, मांसात होणारा दुर्मिळ कर्करोग. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, "जनुकात काय बदल झालाय ते तपासू, मग पुढचा अंदाज सांगता येईल." जनुक म्हणजे आईबापाकडून येतं ते, एवढं तात्यांना ठाऊक होतं. तेवढ्यावर ते कामाला लागले.

अहवाल यायच्या आत त्यांनी देवळासमोर भावकी बोलावली. म्हातारेकोतारे धोतर वर करून आपापल्या गाठी दाखवू लागले. कुणाची चरबीची, कुणाची गांधीलमाशी चावल्याची. शंकरआबांनी तर गुडघ्याची वाटीच पुढे केली. "आबा, ती समद्यांना असती," तात्या वैतागून म्हणाले. भावकीत काही सापडेना, तेव्हा मला घेऊन ते नरसिंहपूरला आजोळी गेले आणि मामेभावाला म्हणाले, "शर्ट काढ." मामेभावाने आलेला चहा आत परत पाठवला.

मला हसू येत होतं आणि रागही. परतताना विचारलं, "तात्या, कुणाकडून आली हे कळून करणार काय?"

"कुणाकडनं आली ते जाऊ दे खड्ड्यात. सुमनकडं जाती का, ते बघायचंय मला."

सुमन त्यांची एकुलती एक लेक. इंदापुरात दिलेली, आणि त्या दिवसांत पोटुशी होती.

अहवाल आला. डॉक्टर म्हणाले, "हा बदल फक्त गाठीत आहे, रक्तात नाही. कुणाकडून आलेला नाही, मुलीकडेही जाणार नाही. पण असा बदल असलेली गाठ काढली तरी परत येऊ शकते, फुफ्फुसातसुद्धा." शेवटचं वाक्य तात्यांनी ऐकलं असेल असं मला वाटत नाही. ते पेढे घेऊन थेट नरसिंहपूरला. "तुमचं घराणं सुटलं," ते म्हणाले. मामेभावाने पेढा घेतला, पण शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावूनच.

गाठ काढली. मधली काही वर्षं बरी गेली, तात्यांनी नातीचं नाक कुणाचं यावर व्याह्यांशी भांडूनही घेतलं. मग खोकला सुरू झाला. त्यातच ते गेले.

छातीच्या फोटोत फुफ्फुसांत गाठी दिसल्या त्या दिवशी डॉक्टर बराच वेळ कागद चाळत बसले होते. तात्यांनीच विचारलं, "अजून माझ्यापुरतंच हाय न्हवं?"

"हो."

"मग सांगा की. भ्याताय कशाला?"