लसणाचा वास

निवृत्तीनंतर माझी पोस्टिंग भेस्तानला झाली, असं मी लोकांना सांगतो. ऑर्डर बायकोची होती. मूळ गाव जालन्याकडचं, पण मेहुणे सगळे सुरतेत, म्हणून मंगलनं इथंच रो-हाउस बघून ठेवलं होतं. मी पांडेसऱ्यात एका डाइंग मिलच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून लागलो. फौजेत हवालदार होतो, गल्लीत अजून हवालदारसाहेबच म्हणतात.

ड्युटीवर जाण्याआधी माझा रोजचा कार्यक्रम ठरलेला. दाढी, बूट पॉलिश, मग मागच्या अंगणात कोंबड्यांची फॉल-इन. चार कोंबड्या होत्या. त्यातली तांबडी पुढे, बाकीच्या तिच्या मागे. तिची चाल बघून मंगलनं तिचं नाव सुभेदारीण ठेवलं होतं. मी दाण्यांच्या डब्याचं झाकण वाजवलं की ती धावत येऊन बुटाजवळ उभी राहायची. अंडी घालण्यात पक्की, भांडणातही पक्की. माझं तिच्यावर प्रेम होतं, सरळच सांगतो. मुलं नोकरीसाठी बाहेर गेल्यावर घरात माझं ऐकणारी तीच एक उरली होती.

मंगलला रिकामं बसवत नाही. ती जॉबवर्क घेते. एम्ब्रॉयडरीच्या साड्या गठ्ठ्यानं घरी येतात, उलट्या बाजूला सुटलेले दोरे कापून परत द्यायचे. सुरतेत निम्म्या गल्ल्यांत बायका हेच करतात. दुपारी उजेड चांगला म्हणून ती मागच्या ओट्यावर बसायची, काम झालं की ओटी झटकायची आणि कोंबड्यांना दाणे टाकून घरात यायची.

एके दिवशी मी झाकण वाजवलं आणि सुभेदारीण आली नाही. भिंतीच्या कडेला पिसं फुगवून उभी. डोळे अर्धे मिटलेले. मधेच मान लांब करायची, जांभई दिल्यासारखी चोच उघडायची. दाणे समोर टाकले तर बघितलंसुद्धा नाही.

"रिपोर्ट?" मंगलनं आतून विचारलं.

"नफरी चार. एक सिक."

"उन्हाचं असेल हो. पाणी ठेवा."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिची विष्ठा हिरवट पाणी झाली. आता मात्र माझं डोकं चालायला लागलं. रोग असता तर चौघींना लागला असता. एकच टिपली, म्हणजे कुणीतरी टिपली.

कुणी, ते शोधायला मला लांब जावं लागलं नाही. भिंतीपलीकडे एका खोलीत हिलालभाऊ राहायचे. धुळ्याकडचे, पॉवरलूमवर कामाला, एकटेच. बायको-पोरं गावी. पोरगी बारावीला होती, तिला पुढं शिकायला इथं आणायचं म्हणून त्यांनी ती खोली धरली होती. स्वतः चुना मारला होता, खिडकीला जाळी बसवली होती. माणूस कमी बोलायचा. मागच्याच पंधरवड्यात सुभेदारीण त्यांच्या वाळत घातलेल्या चादरीवर घाण करून आली होती. तेव्हा ते भिंतीवरून एवढंच म्हणाले होते, "कोंबड्या आवरा, साहेब." मी उत्तर दिलं नव्हतं. पण नोंद घेतली होती.

मी गच्चीवर ओपी लावली. ओपी म्हणजे लपून नजर ठेवायची जागा. पाण्याच्या टाकीमागे बसलं की दोन्ही अंगणं दिसतात. मंगल चहा घेऊन वर आली.

"अहो, ही काय एलओसी आहे का? खाली या, लोक हसतील."

"आवाज कमी."

"डोक्यावर पडलात की काय!" म्हणत ती गेली. चहा मात्र ठेवून गेली.

आणि सापडला की! दिवस नुकता उजाडला होता. हिलालभाऊ जेवणाचा डबा घेऊन कामावर जायला बाहेर आले. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आमच्या मागच्या दाराकडे बघितलं. मग खिशातून काहीतरी काढून भिंतीवरून आमच्या अंगणात टाकलं आणि भराभर निघून गेले. सरळ मनाचा माणूस असं चोरून बघतो का? मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरलो.

सुभेदारिणीच्या पुढ्यात गोळ्या पडल्या होत्या. बोराएवढ्या, काळपट करड्या. बाकीच्या तिघींनी दोन-तीन मटकावल्या होत्या. उरलेल्या मी रुमालात घेतल्या. नाकाशी नेल्या. लसणाचा उग्र वास.

नागरिकांना हे माहीत नसतं म्हणून सांगतो. युनिटच्या रेशन स्टोअरमध्ये उंदीर फार. तिथं मारायचं औषध यायचं, काळपट पूड. ती कणकेत मळून गोळ्या करायच्या. त्या पुडीला लसणासारखा वास येतो. क्वार्टरमास्टर दरवेळी बजावायचा, "लसूण समझ के कोई चखना मत." रंग तोच, आकार तोच, वासही तोच. अजून कसला पुरावा पाहिजे?

"मग बाकीच्या तिघी धडधाकट कशा?" मंगलनं विचारलं.

"स्लो पॉयझन असेल."

"आणि ही तर आधीपासूनच आजारी आहे."

"आधीपासूनच टाकत असणार. आपण आज पकडलं."

माझ्याकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं. मी त्या खोलीच्या मालकाला, रमणभाईंना फोन लावला. ते म्हणाले, "साहेब, तमे कहो तो आजे ज खाली करावी दउं. ऐसा आदमी नहीं चाहिए." मी म्हणालो, संध्याकाळी या, समोरासमोर होऊन जाऊ दे.

संध्याकाळी हिलालभाऊ शिफ्टवरून आले तेव्हा रमणभाई स्कूटर लावून उभे होते आणि अर्धी गल्ली दारात आली होती. मी रुमाल उघडला.

"हे तुम्ही टाकलं?"

"हो."

"कबूल आहे ना? सगळ्यांनी ऐका. उंदराचं औषध आहे."

हिलालभाऊंना आधी कळलंच नाही. रमणभाई म्हणाले, "सामान बांधो. कल सुबह तक रूम खाली." तेव्हा कुठं त्यांचा चेहरा बदलला. ते पुढे आले, माझ्या रुमालातली एक गोळी उचलली आणि तोंडात टाकली. कुणी काही बोलायच्या आत चावली, गिळली. दुसरी उचलली, तीही खाल्ली.

"कळण्याचं पीठ आहे," ते म्हणाले. "ज्वारी आणि काळे उडीद. आम्ही भाकरी त्याचीच खातो. त्यात लसूण आणि ओवा. कोंबडी खात नसली की गावाला आई हेच द्यायची. तुमची कोंबडी चार दिवस उपाशी उभी, मला खिडकीतून दिसायची."

"मग चोरून कशाला टाकलं?"

"तुम्ही रागीट. विचारलं असतं तर म्हणाला असता, आपलं काम कर."

खरं होतं. मी तसंच म्हणालो असतो. पण गल्ली बघत होती आणि माझी मान खाली यायला तयार नव्हती. मी म्हणालो, "मग कोंबडीला झालंय काय?"

मंगल तोवर सुभेदारिणीला काखेत घेऊन आली होती. कोंबडीनं मान लांब करून चोच उघडली आणि मंगल किंचाळली, "अगं बाई!" जिभेखालून पोपटी रंगाचा दोरा लोंबत होता. त्या आठवड्यात आमच्या घरी पोपटी साड्यांचा गठ्ठा होता. मी कोंबडीच्या छातीवर बोट लावलं. गळ्याखालची दाण्यांची पिशवी लिंबासारखी टणक लागली. उपाशी कोंबडीची ती रिकामी असायला हवी. ओटीतून झटकलेले दोरे आणि दाणे एकाच जागी पडत होते. कोंबडीला दोरा म्हणजे गांडूळच. ती रोज गिळत गेली आणि आत गुंता होऊन वाट बंद झाली. इतके दिवस मी तिला बोट लावून बघितलं नव्हतं. मी भिंतीपलीकडे बघत होतो.

सरकारी जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पिशवीला छोटी चीर देऊन दोऱ्यांचा गोळा बाहेर काढला. पोपटी, गुलाबी, मधे जरीची चमक. टाके घातले. सुभेदारीण वाचली. आता मंगल चादर अंथरून बसते आणि दोरे पिशवीत भरते.

रमणभाईंनी हिलालभाऊंना सांगितलं, रहो आराम से. मीही गेलो. हात जोडले, म्हणालो, "चुकलं माझं. जाऊ नका." ते भांडी पोत्यात भरत होते.

"राग नाही, साहेब. पण पोर येईल. गल्ली म्हणेल, ती बघा, इख घालणाऱ्याची पोर. खरं काय ते कोण सांगत बसणार तिला?"

मला वाटलं, माझ्या संशयाचं कारण सांगितलं तर त्यांना कळेल. म्हणून जे कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. आमच्या सेक्शनमध्ये नाईक भाऊराव होता. रोड ओपनिंगला निघालो की, म्हणजे गाड्यांआधी रस्ता तपासायला, वाटेतल्या प्रत्येकाशी बोलायचा. एका सकाळी रस्त्याखालच्या मोरीजवळ एक जण म्हणाला, रास्ता साफ है. भाऊरावनं त्याच्यावर विश्वास ठेवला. वायरलेस सेटवर त्याचा आवाज आला, "ऑल ओके, ओव्हर." मग धमाका झाला. त्याला उचलून आणणाऱ्यांत मी होतो. "त्या दिवसापासून मी कुणावर भरवसा ठेवत नाही," मी म्हणालो.

हिलालभाऊ पोत्याचं तोंड बांधता बांधता थांबले.

"तुमना माणूस गया, त्याचं मला वाईट वाटतं," ते म्हणाले. "पण त्यामा मना काय गुन्हा?"

टेम्पो आला. पोतं मी उचलू लागलो, त्यांनी अडवलं नाही. पांडेसऱ्याच्या पुढं कुठंतरी खोली मिळाली होती, भिंतींना ओल असलेली. पत्ता मी विचारला नाही, त्यांनी सांगितला नाही.

भाऊराव गेला तेव्हा त्या रस्त्यावरचा चहावाला कॅम्पच्या गेटपर्यंत रडत आला होता. आम्ही त्याला आत सोडलं नाही, आम्हाला त्याचाही संशय होता. भाऊरावनं सोडलं असतं. या गच्चीवर माझ्या जागी तो असता तर टाकीमागे बसलाच नसता. भिंतीवर दोन्ही हात ठेवून त्यानं विचारलं असतं, "काय टाकताय, दादा?"

एवढंच विचारायचं होतं.