जाऊबाईंनी चोच उघडी टाकली

आमच्या टेलरमास्तरांनी आयुष्यात कोणाचं माप चुकवलं नाही, फक्त तारखा चुकवल्या. "शनिवारी नक्की," असं ते म्हणाले की गिऱ्हाईक विचारायचं, "कुठल्या?" अशा माणसाच्या हाती नऊ कोंबड्या सोपवून त्यांची बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली. जाताना दारात एवढंच म्हणाली, "जाऊबाईला जपा."

जाऊबाई ही तांबडी कोंबडी. बाईंना खरी जाऊ नव्हती. ती हौस त्यांनी हिच्यावर भागवून घेतली होती. दाणे पहिले तिला, उंच दांडी तिला आणि टोमणेही तिलाच.

बाराव्या दिवशी एक कोंबडी खाणं सोडून कोपऱ्यात बसली. गळ्याखाली दाणे साठतात ती पिशवी दगडासारखी टणक झालेली. दोन दिवसांत ती गेली, तिसऱ्या दिवशी तिच्यामागे दुसरी. मास्तरांनी दोघींना गुपचूप पुरलं. बायकोचा रोज पाचला फोन यायचा. "जाऊबाईचा आवाज ऐकवा," म्हणायची. जाऊबाई गप्प झाल्यापासून मास्तर फोन तोंडाशी धरून स्वतःच कॉक-कॉक करत होते.

सोळाव्या दिवशी जाऊबाई मान वाकडी करून, चोच उघडी टाकून उभी राहिली. मास्तरांनी दुपारी जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं. ती आली तीच तोंडाला मास्क लावून.

"मेलेल्या कुठे आहेत?"

"पुरल्या. चुना घालून."

"मग आता मी तपासू काय, चुना?" तिने पिशवीतून एक फॉर्म काढला. "मास्तर, साथ असेल तर मला आजच वर कळवावं लागेल. मग माणसं येतात आणि सगळ्याच नेतात. आजारीही, धडधाकटही. शेजारच्यासुद्धा."

शेजारच्या पोस्टमनच्या चार कोंबड्या होत्या. तो केव्हाचा भिंतीवर कोपरं टेकून उभा होता. "मास्तर, पँटीला तीन महिने झाले, मी बोललो नाही. पण कोंबड्यांचं खरं काय ते आज सांगा."

मास्तरांच्या गळ्यातली टेपसुद्धा घामाने ओली झाली. डॉक्टरने पेनाचं टोपण काढलं आणि पाच वाजले. फोन वाजला.

मास्तरांनी घराच्या भिंतीकडे तोंड करून कॉक-कॉक केलं. डॉक्टर बघत राहिली.

"अहो," पलीकडून आवाज आला, "हे तुम्ही आहात."

ताकाला जाऊन भांडं तरी किती लपवायचं? मास्तरांनी सगळं ओकून टाकलं. दोघी गेल्या, तिसरी वाटेवर आहे, डॉक्टर फॉर्म भरतेय. पलीकडे बायकोने कुरकुरणारं बाळ लेकीकडे दिलं.

"दुकान कोण झाडतं?"

"मीच. एक दिवस चुकवला नाही," मास्तर जरा ताठ झाले.

"आणि कचरा?"

"टाकतो की मागच्या दाराने अंगणात."

"अहो, तीस वर्षं मी तो पिशवीत बांधून पुढच्या दाराने नेते. का? मला रस्त्यावर मिरवायची हौस आहे म्हणून? दोरे गिळतात त्या. किडे समजून."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. जाऊबाईचा गळा दोन बोटांनी चाचपला, पुन्हा चाचपला. मग गळ्यापाशी बधिर करायचं इंजेक्शन दिलं आणि मास्तरांना म्हणाली, "घट्ट धरा. आणि तुम्ही पडू नका."

बारीकसा छेद. चिमट्याला दोऱ्यांचा गुंता आला तो येतच राहिला. मास्तरांना एकेक ओळखू येत होता. "हा निळा शाळेच्या गणवेशाचा. हा पांढरा काजाचा. हा खाकी..." ते थांबले.

"खाकी माझा," भिंतीवरून पोस्टमन म्हणाला. "म्हणजे शिवायला घेतलीय तर."

डॉक्टर टाके घालायला लागली. मास्तरांना जाऊबाईच्या छातीची धडधड हाताला लागत होती, तरी राहवलं नाही. "टाका जरा जवळ घ्या."

फॉर्म कोराच पिशवीत गेला. "सकाळी उभी राहिली तर वाचली," एवढं सांगून डॉक्टर निघाली. उजेड होता तोवर मास्तर गुडघ्यांवर बसून अंगणातले दोरे वेचत होते. जिथे दोघींना पुरलं होतं, तिथे जरा जास्त वेळ.

रात्री जाऊबाईला ज्यात ठेवलं होतं तो खोका सकाळी उघडला, तेव्हा ती उभी होती. मास्तरांनी पाण्याची वाटी पुढे केली. तिने पाण्याकडे पाहिलंच नाही. मास्तरांच्या बाहीला पांढरा दोरा लोंबत होता, त्यावर झडप घातली. त्यांनी हात मागे खेचला. जाऊबाईने जो कालवा सुरू केला, त्यातच मास्तरांनी फोन लावून तिच्या चोचीपुढे धरला.

"ही तीच," पलीकडून आवाज आला. "शिव्या देतेय."

"मला?"

"मग काय मला?"