सात नंबरचा जोड

आमच्या दादाचं दुकान कसं बुडालं हे कॉमर्सच्या कितीतरी मुलांना तोंडपाठ होतं. ती त्या दुकानदाराला पोट धरून हसली आणि पुढे आपापली दुकानं नीट चालवू लागली. तो दुकानदार कोण, हे तेवढं त्यांना माहीत नव्हतं. आणि आपला धडा झालाय, हे दादाला माहीत नव्हतं.

वडील गेले तेव्हा दादा शाळेत होता. त्यानं दप्तर ठेवलं आणि वडिलांच्या बुटांच्या दुकानात जाऊन बसला. त्या दुकानावर मी पदवीधर झाले, धाकटा भाऊ एम.कॉम. झाला. दुकान खाली, आम्ही वर. एक अरुंद खोली, तीन भिंतींना छतापर्यंत खोके आणि एक शिडी. सुट्टीच्या दिवशी शिडीवर धाकटा असायचा.

दादाची एक खोड होती. नवा नमुना आला की प्रत्येक मापाचे सारखेच जोड मागवायचा. सात नंबरचे जेवढे, तेवढेच बाराचे. मधली मापं जास्त घ्या, हे सांगून घाऊक व्यापारी थकला. दादाचं उत्तर ठरलेलं, मोठ्या पायाच्या माणसानं काय अनवाणी फिरायचं? एक ताडमाड गृहस्थ खरोखरच लांबून त्याच्याकडे यायचे. त्यांच्या पायात बूट बसला की दादाचा चेहरा असा फुलायचा, जणू बूट त्यालाच मिळालाय. पण असं गिऱ्हाईक येऊन येऊन येणार किती? सात आणि आठ नंबर हातोहात संपायचे. मग सातवाला आला की दादा त्याला बसवायचा, पाणी द्यायचा, चूक आपलीच असल्यासारखी माफी मागायचा. होतीच म्हणा. पाणी पिऊन तो माणूस समोरच्या दुकानात जायचा. लोक काय मागतात हे रोज कानावर पडत होतं, आणि दादा बघायचा फळ्यांकडे. फळ्या गच्च भरलेल्या, म्हणजे दुकान भरलेलं!

दुकान बंद झालं, त्याच्याबरोबर दादाचं ठरत आलेलं लग्नही मोडलं. मुलीकडच्यांनी निरोप धाडला, स्वतः कुणी आलं नाही. पुढे तो एका मोठ्या दुकानात नोकरीला लागला आणि बुटक्या स्टुलावर बसून म्हातारा होईपर्यंत लोकांच्या पायांची मापं घेत राहिला. लोकांची आवड बदलली म्हणून आपलं दुकान गेलं, असं तो सांगायचा. मी तोवर नोकरीला परगावी होते, मीही तेच खरं मानलं. लग्न काही त्यानं पुन्हा काढलं नाही. धाकट्याकडेच राहिला. रोज सकाळी धाकट्याचे बूट पॉलिश करून दाराशी ठेवायचा. धाकटा ते घालून कॉलेजात शिकवायला जायचा, आणि उत्तम शिकवायचा. त्याचं ते देणं कुणी नाकारू नये.

धाकटा निवृत्त झाला तेव्हा जुन्या विद्यार्थ्यांनी समारंभ केला. दादा नवा शर्ट घालून पहिल्या रांगेत, शेजारी मी. भाषणं झाली. मग दोघातिघांनी सरांचा गाजलेला पहिला तास नाटुकलं करून दाखवला. एकजण पोटाला उशी बांधून दुकानदार झाला. गिऱ्हाईक म्हणालं, सात नंबर द्या. दुकानदार म्हणाला, सात नाही, बारा आहे, पाय वाढेपर्यंत थांबता का? सभागृह हास्यात बुडालं. सगळ्यात मोठ्यानं दादा हसला. विनोद त्याला फार आवडतात.

मग त्या उशीवाल्यानं गिऱ्हाइकाला बसवलं, पाण्याचा पेला दिला, हात जोडून माफी मागितली. आणि म्हणाला, "पण साहेब, मोठ्या पायाच्या माणसानं काय अनवाणी फिरायचं?"

दादाचं हसू तोंडावरच राहिलं, काढून ठेवायला जागा नसल्यासारखं. व्यासपीठावर धाकटा आपल्या बुटांकडे बघत होता.

घरी आल्यावर धाकट्याची बायको चहा ठेवून आत निघून गेली. दादानं चहाला हात लावला नाही. रागावलाही नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

"तुला हे कधी कळलं?" त्यानं विचारलं.

"कॉलेजात. दुसऱ्या वर्षाला."

"म्हणजे दुकान चालू होतं."

"हो."

"आणि?"

"आपल्या दुकानावर निबंध लिहिला होता मी. असंच चाललं तर बंद पडेल म्हणून. त्याला पहिलं बक्षीस मिळालं."

दादा आठवू लागला. मग हळूच म्हणाला, "त्या बक्षिसाची मिठाई मी गल्लीभर वाटली होती."

धाकटा कपाचा कान चाचपू लागला. एरवी तासभर न अडखळता बोलणारा माणूस.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझ्या जिवावर शिकत होतो, दादा. तुलाच कुठल्या तोंडानं शिकवू?"

"अरे, मग शिकवलं कशाला मी तुला?"

मी खिडकी उघडली, उगाच. थोड्या वेळानं दादानं समारंभाची पत्रिका उलटी केली, खिशातलं पेन धाकट्यापुढे ठेवलं आणि म्हणाला, सांग, त्या माणसानं काय करायला हवं होतं. धाकट्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मदत केली नाही. मग त्यानं कागदावर फळ्या आखल्या, मापं लिहिली. कुठलं माप किती लोक मागतात ते लिहून ठेवायचं, तेवढं जास्त आणायचं. मोठ्या मापाचा एखादाच जोड ठेवायचा. गरज पडली तर मागवून द्यायचा. दादा पहिल्या बाकावरच्या मुलासारखा मान हलवत होता. चहा निवायच्या आत धडा संपला.

"एवढंच होतं?"

"एवढंच."

दादानं पत्रिकेची घडी केली, पुन्हा उलगडली आणि तिथेच ठेवून झोपायला गेला.

सकाळी उठले तर तो नेहमीसारखा उंबऱ्यापाशी बसून धाकट्याचे बूट घासत होता. आता ते घालून जायचं कुठे, हा विचार त्याच्या डोक्यात आला नसावा, किंवा आला असेल. मागे धाकटा उभा होता. त्यानं वाकून ब्रश धरला आणि ओढू लागला. दादानं सोडला नाही.

"राहू दे," तो म्हणाला. "हे मला येतं."