पिलांवरची मरळ

दारव्ह्याच्या बाजारात ओल्या जाळ्याचा वास आला, की आमच्या तांड्याच्या तळ्यावरची ती सकाळ आठवते.

माझ्या जाळ्यात मोठी मरळ सापडली होती. तिची लाल पिलं जाळ्याभोवती घोळक्यानं फिरत होती. तेवढ्यात याडी, म्हणजे माझी आई, विळा घेऊन पाण्यात उतरली आणि तिनं नवंकोरं जाळं फाडलं. मरळ निसटली.

"पिलांवरची मरळ आपण धरत नाही. माहीत नाही काय तुले?"

"व्यापारी उभा हाये. त्याले काय सांगू? यापुढे या तळ्यावर पाय ठेवू नको," मी सगळ्यांदेखत ओरडलो.

ती विळा घेऊन घरी गेली. पुढच्या वर्षी तळं मरळींनी भरलं. माझं घर आजही त्यावरच चालतं. याडी वारली, तोवर मी तिला तळ्यावर ये म्हटलं नव्हतं.