सिरसाळ्याचा हिरवा चौकोन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिच्यापासून मी दुसरं काही लपवलेलं आठवत नाही. मग आज तुम्हालाच का? माहीत नाही. सुरुवात लिनक्सपासून करतो — तेवढा भाग तरी ताठ मानेनं सांगता येतो.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. बीडमधल्या एका मोठ्या दूध संघात मी संगणक विभाग सांभाळायचो. विभाग म्हणजे काय, तर एक खोली आणि मी. गावोगावच्या शीतकरण केंद्रांत संगणक बसले होते, पण त्यांच्या सॉफ्टवेअरचे परवाने दरवर्षी नव्यानं घ्यावे लागायचे. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर मला लिनक्स सापडलं — संगणक चालवणारी अख्खी प्रणाली. फुकट. संचालकांना ते फुकट आहे हेच पटेना. ना पावती, ना परवाना, मग बिघडलं तर गचांडी कुणाची धरायची, असं अध्यक्षांनी विचारलं. माझी धरा, मी म्हणालो. ते वाक्य लक्षात ठेवा. मी विसरलो होतो.

लिनक्स बसलं, आणि चाललंही झकास. मग मी त्यावर माझी आवडती गोष्ट उभी केली — केंद्रांवर नजर ठेवणारा संगणकाचा पडदा. प्रत्येक केंद्राचा एक चौकोन. टाकीत तापमान मोजायची कांडी सोडलेली. तिथला संगणक दर अर्ध्या तासानं फोनच्या तारेवरून दुधाचं तापमान कळवणार. दूध गार असेल तर चौकोन हिरवा. तापलं, किंवा निरोपच आला नाही, तर लाल. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ना, तेच, पण मला त्याचा केवढा अभिमान!

एक सिरसाळ्याचं केंद्र तेवढं मला छळायचं. तिथली फोनची तार सारखी जायची, आणि दूध गारेगार असतानाही चौकोन लाल. तिथले ऑपरेटर सलीमभाई. वडिलांचं गॅरेज होतं, त्यामुळे कॉम्प्रेसरच्या नुसत्या आवाजावरून त्यांना त्याची तब्येत कळायची. माझ्या पडद्याचं त्यांना हसू यायचं, पण मला साहेब म्हणायचे, आणि मनापासून म्हणायचे.

मे महिन्यात एके दिवशी दुसऱ्या जिल्ह्यातल्या संघाची मंडळी आमचं लिनक्स बघायला येणार होती. सकाळी पडदा लावला तर सिरसाळा लाल. पाहुण्यांसमोर हे शोभेल का? मी एक ओळ लिहिली — फक्त एक. सिरसाळ्याचा निरोप आला नाही, तर आधीचंच तापमान पुन्हा दाखव. चौकोन हिरवा झाला. एका दिवसापुरतंच तर आहे, मी स्वतःला म्हणालो.

साडेअकराला पाहुणे पडद्यासमोर उभे, अध्यक्ष कौतुकानं माझी ओळख करून देतायत, आणि टेबलावरचा फोन वाजला. एसटीडी बूथवरून सलीमभाई बोलत होते. लाईट गेली होती, जनरेटरचा पट्टा तुटला होता, टाकी भरलेली होती, आणि वरून ऊन.

मी पडद्याकडे बघितलं आणि म्हणालो, "इथं तर चार अंश दिसतंय."

"साहेब, त्या पडद्यावरच्या दिव्याकडं बघू नका. दूध जातंय. टँकर लवकर धाडा."

आता टँकर मागवायचा म्हणजे काय करायचं होतं? सगळ्यांसमोर सांगायचं, की हा हिरवा चौकोन खोटा आहे, सकाळी मीच रंगवलाय. बघतो, म्हणालो. फोन ठेवला. आणि पाहुण्यांना पुढचा चौकोन दाखवायला लागलो. तेव्हा मला कळत नव्हतं, असं म्हणू? सगळं कळत होतं.

सलीमभाईंनी ट्रॅक्टरच्या गॅरेजमधून पट्टा मिळवला आणि चारपर्यंत जनरेटर सुरू केला. संध्याकाळी नेहमीच्या वेळी टँकर गेला, तोवर टाकीतलं सगळं दूध नासलं होतं. त्या दिवशी चार गावांचं दूध ओढ्याला गेलं. संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मी ती ओळ पुसून टाकली.

आठवड्यानं चौकशी झाली. टेबलावर माझ्याच यंत्राचा छापील कागद. सकाळपासून संध्याकाळपर्यंत चार, चार, चार. मे महिन्यात एक टाकी दिवसभर अर्ध्या अंशानंही हलत नाही, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. यंत्र कशाला खोटं बोलेल? म्हणजे टाकी गार होती. म्हणजे सलीमभाईंनी आंबलेलं दूध न तपासताच घेतलं. जनरेटर त्यांनी स्वतःच दुरुस्त केलेला, त्यामुळे दाखवायला बिघाडही उरला नव्हता. ते एवढंच सांगत राहिले, की मी साहेबांना फोन केला होता.

अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. आला होता का?

नाही, मी म्हणालो. मला फोन आला नाही.

वाटलं, आता सलीमभाई माझी गचांडी धरतील. धरायलाच हवी होती. सलीमभाई अध्यक्षांकडे वळून म्हणाले,

"साहेब म्हणतेत, तर न्हाई आला आसंल."

त्यांची नोकरी गेली. ज्यांचं दूध ओतलं गेलं ती माणसं त्यांना रस्त्यात तोंडावर बोलायची. वर्षभरात त्यांनी सिरसाळा सोडलं. इकडे पाहुण्यांच्या संघानं लिनक्स घेतलं, मग आणखी दोघांनी. माझे सत्कार झाले. त्या समारंभांत माणसं सिरसाळ्याचा दाखला द्यायची — यंत्रानं लबाडी कशी पकडली म्हणून. मी मान डोलवायचो.

सात-आठ वर्षांनी मांजरसुंब्याला एका ढाब्यावर चहाला थांबलो, तर मागच्या बाजूला बिघडलेल्या फ्रीजपाशी सलीमभाई बसलेले. दाढी पांढरी झालेली. मला बघून उठले, हात पुसले, साहेब म्हणाले, माझ्या मुलांची चौकशी केली. मला वाटलं, हीच वेळ. तोंड उघडणार, एवढ्यात त्यांनीच आवाज उतरवून विचारलं.

"साहेब, एक इचारू का? राग नका धरू. त्या दिवशी मी कुणाशी बोललो आसंल हो? लई वर्षं डोक्यात हाय. मला तर तुमचाच आवाज वाटला व्हता. नंबर चुकला आसंल का माझा?"

माझ्या हातात चहाचा कप होता. आजूबाजूला कुणी नव्हतं. अध्यक्ष नव्हते, पाहुणे नव्हते, त्या संघाशी माझाही संबंध उरला नव्हता.

"चुकला असेल, सलीमभाई," मी म्हणालो.