दार आपटून येत जा

फोन आला तेव्हा मी आगरदांड्याच्या जेट्टीवर गाडी रांगेत लावत होते. अमिनाखाला काहीतरी सांगत होत्या आणि नेमका बोटीचा भोंगा वाजला. "खाला, मोठ्यानं बोला!" मी ओरडले. भोंगा थांबला. "आपा गेली गं..."

त्यांची आपा, थोरली बहीण, म्हणजे आमच्या नफीसाबाई. बोर्ली पंचतनच्या शाळेत त्यांनी आम्हाला इंग्रजी शिकवलं. आम्ही पोरं इंग्रजी वाचायचो ते ओठातल्या ओठात, चोरी केल्यासारखं. एकदा वर्गात येताना बाईंनी दार असं आपटलं की खिडकीतला कावळा उडाला. "हा बँग," त्या म्हणाल्या. "आवाजाचा शब्द आहे, आवाज करून म्हणा." टेबलावर डस्टर आपटलं, तोही बँग. फटाका? बँग. पत्र्यावर नारळ पडला? बँग. ओल्या मातीत पडला तर मात्र थड. "बाई, आईनं पाठीत धपाटा घातला तर?" मागून एकानं विचारलं. "त्याला इंग्रजीत शब्द नाही. त्यांच्या आयांचा हात हलका असेल." वर्ग हसला आणि त्या हसण्यातच आमचे आवाज सुटले. हरिहरेश्वरच्या माझ्या खानावळीत मी परदेशी पाहुण्यांशी बिनधास्त बोलते, त्याची सुरुवात तिथली.

निवृत्तीनंतर बाईंना ऐकू येईनासं झालं. यंत्राचाही उपयोग झाला नाही. आता घरची शिकवणी बंद पडणार, मग पोरांशिवाय बाई जगणार कशा, या काळजीनं मी डॉक्टरांपासून पाटी-खडूपर्यंत सगळी यादी करून गेले. बाईंनी ती वाचली, घडी घालून माझ्या हातात परत दिली. "तू फक्त दार आपटून येत जा. बाकाच्या लाकडातून कळतं मला."

दाराशेजारच्या त्या बाकावरच शिकवणी चालू राहिली. पोरं वाचायची, बाई त्यांचे ओठ बघायच्या. तोंड पुरतं उघडलं नाही की बाकावर थाप. "ऐकू आलं नाही!" आणि हे म्हणताना चेहऱ्यावर हसू नाही... पोरंही मुकाट्यानं पुन्हा, मोठ्यानं वाचायची.

परवा बाईंच्या घरी खालांना भेटायला गेले. दोन्ही हातांत पिशव्या, तरी सवयीनं टाचेनं दार आपटलं आणि मग भान आलं. वाटलं, तोंड लपवावं. बाकावर दोन मुली पुस्तक उघडून बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी खाला.

"खाला, तुम्ही शिकवता?"

"मला कुठं इंग्रजी येतं? तू येशील तेव्हा चुका काढ," त्या म्हणाल्या आणि मुलींकडे वळून बाकावर थाप मारली. "ऐकू आलं नाही!"