अम्मियाचा समुद्री घोडा

समुद्री घोडे कोरावेत तर फिलेरोसनेच, असं रोमन साम्राज्यातल्या अक्विलेयाच्या बंदरावरचे खलाशी म्हणायचे. पुढून घोडा, मागून मासा. नखाएवढ्या लाल अकिकात तो असा उतरवायचा की मेणात ठसा उठला की आयाळ ओलीच वाटायची. बायको अम्मिया त्याच्याच हाताखाली शिकली. दोघं एकाच मालकाचे गुलाम होते, एकाच वर्षी सुटले आणि बाजारामागच्या गल्लीत शेजारीशेजारी कोरायला बसले.

चाळिशीनंतर फिलेरोसला धूसर दिसायला लागलं. गिऱ्हाइकं हळूहळू अम्मियाकडे सरकली.

एकदा दोरखंडांचा व्यापारी तितिनियुस अंगठीचा खडा घेऊन आला. फिलेरोसने हात पुढे केला.

"तू नको रे बाबा," तितिनियुस म्हणाला. "तुझे घोडे हल्ली गाढवं दिसतात. बाईंना दे."

फिलेरोस हसला, पण आतून जळून खाक झाला.

आठ दिवसांत घोडा पुरा होत आला. अम्मिया पाण्याला गेली असताना त्याने खडा मेणात दाबला. फुगलेल्या नाकपुड्या, ताठ मान. ऐन उमेदीतही आपल्याला हे जमलं नव्हतं, हे त्या अधू डोळ्यांनाही दिसलं. त्याने सळईच्या टोकाला तेल नि कुरुंद दगडाची पूड लावली, सळई फिरवणारी कमान ओढली आणि घोड्याच्या मानेत खाच पाडली.

अम्मिया परतली. खडा उजेडात धरताच तिला खाच दिसली.

"आयाळीचा एक केस राहिला होता, म्हणून मी..." फिलेरोस म्हणाला.

"डोळे गेले म्हणून मी तुला कधी बोलले का रे? निदान खोटं तरी बोलू नकोस."

फिलेरोसची मान खाली गेली. "जळतो मी तुझ्यावर. तुझी कमान चालायला लागली की मला ऐकवत नाही."

"ठाऊक आहे. मी शिकत होते तोवर किती गोड होतास तू!"

तिने त्या खाचेचंच मानेला गुंडाळलेलं शेवाळ कोरलं. तितिनियुस खूश. "हे सुचलं कुणाला?"

"सुरुवात ह्याने केली," अम्मिया म्हणाली. फिलेरोसचे कान तापले.

त्यानंतर त्याने कोरणं सोडलं आणि तिच्या खड्यांना झिलई द्यायचं काम घेतलं. ते बोटांनी कळतं. अकरा वर्षं दिली, एकही खडा बिघडवला नाही. मात्र कुणी तिची तारीफ सुरू केली की तो उठून गल्लीत जायचा. अम्मियाही त्याला हाक मारायची नाही.